अनुभव धागा: कापताना पतंग, भाजल्यावर पुरी – साच्याची बिस्किटं पसरू नयेत म्हणून तुम्ही काय करता?

संक्रांतीला पतंग, दिवाळीला पणती, पोरांच्या वाढदिवसाला मोटारी. साच्याने कापलेल्या शुगर कुकीज आता इंदूरच्या मराठी घरांतही होऊ लागल्या आहेत. रेसिपी सगळ्यांकडे आहे, पण ती बहुतेक थंड मुलखातली. 'बटर रूम टेंपरेचरला आणा' म्हणजे त्यांचे वीस अंश, आणि मे महिन्यात आपल्या ओट्यावर काय असतं ते सांगायला नको. म्हणून रेसिपी नको, अनुभव लिहा. ओव्हन कोणता, ऋतू कोणता, तेही लिहा.

लोकमान्य नगरहून

ओटीजी, बिनअंड्याची, बाराही महिने. माझ्या मते सगळं बटरवर आहे. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे उन्हाळ्यात आपलं स्वयंपाकघरच त्याला पुरतं. मी फ्रिजमधून काढून लहान फोडी करते आणि पाचेक मिनिटांत कामाला लागते. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोटाला तुकतुकी येऊ नये. तुकतुकी आली की परत आत.

२५० ग्रॅम मैदा, १२५ बटर, १०० पिठीसाखर, दूध लागेल तसं, दोन चमच्यांच्या वर नाही. वजनकाटा घ्याच. कप दाबून भरला की मैदा जास्त, भुरभुरून भरला की कमी, आणि मैदा कमी पडला की बिस्किट पसरलंच.

गोळा फ्रिजमध्ये ठेवून मग लाटू नका, दगड होतो आणि मनगट जातं. मऊ असतानाच दोन बटर पेपरच्या मधे पाच-सहा मिलिमीटर जाड लाटायचा आणि ती पोळी ताटात आडवी ठेवून गार करायची. मग साचा मारायचा. आकार उचलायचा नाही, त्याच्या भोवतीचं जास्तीचं पीठ सोलून काढायचं. उचलताना पतंगाची शेपटी ताणली जाते आणि आपण दोष ओव्हनला देतो. कापलेले आकार कागदासकट पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये, तिथून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. उन्हाळ्यात ही शेवटची पंधरा मिनिटं वगळली तर आधीचं सगळं फुकट.

सुदामा नगरहून

एकच सांगते, बटर-साखर फेसू नका. केकची सवय असते, बीटर लावला की हात थांबत नाही. जितकी हवा भराल तितकं ते भट्टीत फुगतं आणि मग बसतं, बाजूला सरकत. एकजीव झालं की बंद.

विजय नगरहून

लोकमान्य नगरच्या ताई म्हणतात ते सगळं करूनही माझ्या चांदण्यांची फुलं होत होती. शेवटी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आणला. बटणावर १८०, आत जेमतेम १५५! दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असं आपण धरून चालतो. ओव्हन मंद असला की बटर लगेच पाघळतं, पण पीठ घट्ट बसायला फार वेळ लागतो, आणि मधल्या वेळात कडा वाहून जातात. आता काटा खरोखर १८० दाखवेपर्यंत दार उघडत नाही. मग दहा-बारा मिनिटं पुरतात, कडेला जराशी बदामी छटा आली की बाहेर.

महूहून

आमच्याकडे नानखटाई भट्टीवर भाजून आणायची पद्धत होती. भट्टीवाले चाचा म्हणायचे, खटाई पसरली नाही, तडकली नाही तर ती खटाई कसली! तूप, सोडा, सगळं त्यासाठीच. शुगर कुकीचं गणित बरोब्बर उलटं, तरी आपण सवयीने सोडा टाकतो. मी सोडा आणि बेकिंग पावडर दोन्ही बंद केलं. आकार जसाच्या तसा राहतो.

पुन्हा सुदामा नगरहून

महूकर, आकार राहतो पण दात जातात हो! पाव किलो मैद्याला पाव चमचा बेकिंग पावडर मी घालतेच. सोडा नाही, हे मात्र कबूल.

रामबागेतून

मी आजी आहे, ओव्हन सुनेचा, हात माझा. साखरेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. साखर जाड राहिली की भट्टीत तिचा पाक होतो आणि बिस्किट पातळ पसरतं. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये कॉर्नफ्लोर असतं, घरी दळलेल्या पिठीसाखरेत नसतं. म्हणून मी मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळते आणि पाव किलो मैद्यातला एक मोठा चमचा काढून तेवढी तांदळाची पिठी घालते. खुसखुशीतही होतं.

आणि साचा पाहून घ्या गं. नातवाने गणपतीचा हौसेने आणला होता. सोंड आणि पोट यांच्यात जेमतेम काडीएवढी फट. भाजल्यावर सोंड पोटात गेली, कान खांद्याला चिकटले. देवाला असं करायचं नाही, म्हटलं, आता मोदकाचा साचा घे. बारीक खाचांचे साचे या पिठाला झेपत नाहीत.

सियागंजजवळून

पहिला घाणा छान, दुसरा पसरलेला, असं होत असेल तर ट्रे बघा. गरम ट्रेवर पीठ ठेवलं की ओव्हनमध्ये जायच्या आधीच खालून वितळतं. दोन ट्रे ठेवा, नाहीतर मधे नळाखाली धरून कोरडा पुसून घ्या. ट्रेला तूपही लावू नका, त्यावरून घसरतं. नुसता बटर पेपर बास.

विजय नगरहून, राहिलेलं

एवढं करूनही पसरलीच तर? ट्रे बाहेर काढल्या काढल्या, मऊ असतानाच तोच साचा पुन्हा दाबा, कडा साफ निघतात. मिनिटभर उशीर झाला तर तडकतात, म्हणून साचा आधीच हाताशी ठेवा. निघालेल्या कातरणाची चिंता नको, आमच्याकडे मुलं बिस्किटाआधी तेच मागतात.