सिटकॉममधला हशा काढून टाकला तर मागे काय उरते?

निवांत (प्रश्न)

गेले काही महिने मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी रात्री जेवणानंतर जुन्या अमेरिकी विनोदी मालिका पाहत आहोत. सुरुवात ‘फ्रेंड्स’पासून झाली आणि मग उलट्या दिशेने ‘चीअर्स’, ‘हॅपी डेज’ असे करत आम्ही ‘आय लव्ह लूसी’पर्यंत येऊन पोहोचलो. पहिल्याच आठवड्यात मुलीने विचारले, “हे जे हसताहेत, ते नेमके कुठे बसलेले असतात?” मी वडीलकीच्या थाटात सांगून टाकले की तिथे कोणीही बसलेले नसते, तो हशा नंतर यंत्राने भरलेला असतो. काही दिवसांनी ‘चीअर्स’च्या एका भागाच्या आरंभीच निवेदन ऐकू आले की ही मालिका प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर चित्रित झाली आहे, आणि माझी चांगलीच पंचाईत झाली.

त्यानंतर तिने ‘फ्रेंड्स’मधल्या एका प्रसंगाची, हशा पुसून टाकलेली चित्रफीत जालावरून शोधून मला दाखवली. रॉस एक वाक्य बोलतो, मग तीन सेकंद शांतता, मग पुढचे वाक्य. तो विनोदी वाटण्याऐवजी थोडा भीतिदायकच वाटू लागला. मुलीचे म्हणणे असे की हशा काढल्यावर जो विनोद उरत नाही, तो मुळात विनोदच नव्हता. मला हे पटत नाही, परंतु का पटत नाही ते नीट सांगता येत नाही.

जाणकारांनी कृपया सांगावे की यातला हशा खरा किती आणि भरलेला किती. दुसरे असे की मित्रांच्या किंवा कुटुंबाच्या मालिकांमध्ये हा हशा मला खपतो, पण शाळेतल्या मालिकांमध्ये तो कानाला टोचतो. हे फक्त मलाच वाटते का?

तिसरी रांग

निवांत, आपण मुलीला दिलेले उत्तर चूक नव्हते, अपुरे होते. सिटकॉमचे दोन वंश आहेत आणि दोन्हींमध्ये हशा ऐकू येत असल्यामुळे ते एकच वाटतात.

पहिला वंश आपण पाहत असलेल्या ‘आय लव्ह लूसी’पासून सुरू झाला. १९५१ पर्यंत बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रसारित होत असत आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला त्यांची पडद्यावरून टिपलेली अंधूक प्रत पोहोचत असे. ल्यूसिल बॉल आणि डेझी आर्नाझ या दांपत्याला कॅलिफोर्निया सोडायचे नव्हते, म्हणून त्यांनी मालिका चित्रपटाच्या फिल्मवर टिपण्याचा आग्रह धरला. वाढलेला खर्च भरून काढण्यासाठी स्वतःचे मानधन कमी केले आणि त्या बदल्यात चित्रित भागांची मालकी मिळवली. पण ल्यूसिल बॉल खुलत असे ती समोर माणसे बसलेली असली की. त्यामुळे एकाच वेळी तीन कॅमेरे चालवायचे, दोन-तीन खोल्यांचे नेपथ्य शेजारीशेजारी मांडायचे आणि समोर बाकांवर प्रेक्षक बसवायचे, अशी पद्धत ठरली. प्रकाशयोजनेची जबाबदारी कार्ल फ्रॉइंड यांच्याकडे होती. जर्मनीत मूकपटांच्या काळात छाया-प्रकाशाचे असामान्य खेळ करणाऱ्या या माणसाने इथे मुद्दाम सपाट, सगळीकडे सारखा उजेड पसरवला, कारण तिन्ही कॅमेरे एकदम फिरत असताना प्रत्येक कोनासाठी दिवे हलवणे शक्यच नव्हते.

आता ‘फ्रेंड्स’मधला तो कॉफीगृहातला कोच आठवा. तो कायम रिकामा असतो आणि कायम आपल्याकडेच तोंड करून असतो. कुटुंबाच्या मालिकांमध्ये जेवणाच्या टेबलाची एक बाजू नेहमी मोकळी राहते आणि सगळे घर तीन बाजूंना दाटीवाटीने बसते. हा दिग्दर्शकाचा निष्काळजीपणा नसून चौथ्या भिंतीच्या जागी माणसे बसलेली असल्याचा तो परिणाम आहे. (‘फ्रेंड्स’च्या तिसऱ्या हंगामाच्या आरंभी सहाही जण कॉफीगृहात शिरतात, कोचावर भलतीच मंडळी बसलेली पाहतात आणि मुकाट्याने मागे फिरतात. लेखकांनी स्वतःचीच उडवलेली ही खिल्ली मला अनेक लांबलचक प्रसंगांपेक्षा अधिक आवडते.)

समोर माणसे आहेत म्हटल्यावर नट त्यांच्यासाठी थांबणारच. रंगमंचावरील कसलेला नट हशा उसळला की तो ओसरू लागेपर्यंत थांबतो आणि पूर्ण विरण्याआधी पुढचे वाक्य टाकतो. आपल्या मुलीने दाखवलेल्या चित्रफितीतली ती तीन सेकंदांची शांतता म्हणजे नटाने प्रेक्षकांसाठी राखून ठेवलेली जागा आहे. तिथून प्रेक्षक पुसले आणि जागा तशीच ठेवली, तर तो माणूस विक्षिप्त दिसणारच. ही विनोदाची परीक्षा म्हणता येणार नाही. तबल्याची साथ पुसून टाकायची आणि गायक समेवर उगाच का थांबला असे विचारायचे, तसा हा प्रकार झाला.

एवढेच नव्हे, तर या प्रेक्षकांनी कथानकेसुद्धा फिरवली आहेत. ‘हॅपी डेज’ ही १९५०च्या दशकातल्या मिलवॉकीमधील एका कुटुंबाची मालिका. १९७४ साली ती सुरू झाली तेव्हा एकाच कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना चित्रित होत असे आणि फॉन्झी हे त्यात कडेचे पात्र होते. तिसऱ्या हंगामापासून ती प्रेक्षकांसमोर आली. फॉन्झीने दारात पाऊल ठेवताच टाळ्यांचा कडकडाट होऊ लागला आणि बघता बघता मालिकेचे केंद्र रिचीच्या घरातून फॉन्झीकडे सरकले. आपण दोन्ही प्रकारचे भाग पाहिलेलेच आहेत. पुन्हा पाहाल तेव्हा फरक लगेच लक्षात येईल. ‘साइनफेल्ड’मध्ये तर क्रेमर दारातून आत घुसला की इतक्या टाळ्या पडू लागल्या की सहकलाकारांचा ताल बिघडू लागला आणि शेवटी प्रेक्षकांनाच टाळ्या वाजवू नका, असे सांगावे लागले. ‘फ्रेंड्स’मध्ये १९९८ साली लंडनमध्ये चित्रित झालेल्या भागात मोनिका आणि चँडलर एकाच अंथरुणात असल्याचे उघड होते, तेव्हा उसळलेला कल्लोळ थांबता थांबेना. लेखकांच्या मनात ते प्रकरण थोडक्यात आटोपायचे होते. पुढे त्या दोघांचा संसार झाला. असा हशा भरलेला असू शकत नाही.

ध्वनिफीत

तिसरी रांग यांचे विवेचन उत्तम आहे, मात्र त्यांनी दुसऱ्या वंशाला अगदीच वाऱ्यावर सोडले आहे. मी ध्वनिमिश्रणाचे काम करत असल्यामुळे तेवढी भर घालतो.

सीबीएस वाहिनीत ध्वनितंत्रज्ञ असलेल्या चार्ली डग्लस यांनी १९५०च्या दशकात एक यंत्र तयार केले. त्यात निरनिराळ्या हशांच्या ध्वनिफितींची वेटोळी फिरत असत आणि कळा दाबून, पायाखालची पट्टी वापरून ती हवी तशी मिसळता येत. खुदखुदणे, खो खो हसणे, उशिरा विनोद कळलेल्या एखाद्याचे एकट्याचे हसणे, असे सगळे प्रकार त्यात होते. हे यंत्र ते कुलूपबंद ठेवत आणि एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत ढकलत नेत. एका कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना चित्रित झालेल्या कितीतरी मालिकांना वर्षानुवर्षे हाच हशा पुरवला गेला. म्हणजे आपण जे मुलीला सांगितले, ते अशा मालिकांच्या बाबतीत तंतोतंत खरे आहे.

दोन्ही वंशांच्या मधला प्रदेशही मोठा आहे. प्रेक्षकांसमोर एकच प्रसंग दोन-तीनदा होतो. पहिल्या वेळी हशा जोरात येतो आणि तिसऱ्या वेळी तोच विनोद कळलेला असल्यामुळे प्रेक्षक थंड असतात. संकलकाला मात्र अभिनय तिसऱ्या वेळचा हवा असतो. अशा वेळी पहिल्या वेळचा हशा तिसऱ्या प्रसंगावर ठेवतात, किंवा दोन तुकड्यांच्या सांध्यावर थोडा हशा भरतात. याला आमच्या व्यवसायात ‘स्वीटनिंग’ म्हणतात. यात हसणारी माणसे खरी असतात, पण ती त्या क्षणाला हसलेली नसतात. याला खोटे म्हणावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला पोटापाण्यासाठी हेच करावे लागते, म्हणून मी जरा सौम्यपणे बोलतो.

तिसराही एक मार्ग आहे. ‘ऑल इन द फॅमिली’च्या शेवटच्या काळात प्रेक्षकांविना चित्रण करून तयार भाग प्रेक्षकांना दाखवला जाई आणि त्यांचा हशा टिपून घेतला जाई. ‘हाउ आय मेट युअर मदर’मध्येही हीच पद्धत वापरली गेली, कारण त्या मालिकेत काळ इतक्या वेळा मागे-पुढे होतो की समोर बसलेल्या माणसांना कपडे आणि नेपथ्य बदलेपर्यंत ताटकळत ठेवणे अशक्यच होते.

खडूफळा

शाळेच्या मालिकांबद्दलचा आपला प्रश्न कोणी हाती घेतला नाही, म्हणून लिहितो. अनेक वर्षे वर्गात उभा राहिलो आहे, त्यामुळे कदाचित माझा कान या बाबतीत जास्तच तिखट असेल.

वर्गात प्रेक्षक आधीच बसलेला असतो. एखादा मुलगा आगाऊपणे बोलतो तेव्हा तो शिक्षकासाठी बोलत नाही, मागच्या तीन बाकांसाठी बोलतो आणि ती बाके हसली की त्याचे काम झाले. घरातल्या किंवा कॉफीगृहातल्या प्रसंगात पात्रे सहसा एकमेकांच्या विनोदावर हसत नाहीत. त्यांच्या वतीने आपण हसतो, म्हणून बाहेरच्या हशाला जागा असते. वर्गात मात्र वर्गाचा हशा आणि स्टुडिओचा हशा एकाच वेळी एकाच जागेवर हक्क सांगतात. ‘वेलकम बॅक, कॉटर’ (१९७५ ते १९७९) या मालिकेत हे लक्षपूर्वक पाहावे. ब्रुकलिनमधल्या ज्या शाळेत आपण टवाळकी केली, त्याच शाळेत शिक्षक म्हणून परतलेल्या माणसाची ही कथा आहे. कॉटर विनोद करतो तेव्हा समोरची मुले निर्विकार बसलेली असतात आणि अदृश्य माणसे खदाखदा हसतात. प्रत्यक्षात असे घडले तर त्या शिक्षकाने राजीनामा द्यावा.

दुसरे कारण वेळेचे आहे. मित्र दहा वर्षे त्याच कोचावर बसू शकतात, घर तर कायमचेच असते, पण शाळा संपते. ‘सेव्ह्ड बाय द बेल’सारख्या मालिकेत ही अडचण मजेशीर झाली आहे: ‘गुड मॉर्निंग, मिस ब्लिस’ या नावाने ती आधी इंडियानापोलिसमध्ये घडत होती आणि तिथे केंद्रस्थानी शिक्षिका होती, नाव बदलले तेव्हा शिक्षिका गेली आणि काही मुले व मुख्याध्यापक कोणतेही स्पष्टीकरण न देता थेट कॅलिफोर्नियात प्रकट झाले. ‘बॉय मीट्स वर्ल्ड’ने (१९९३ ते २०००) उलटा मार्ग घेतला. मुले सहावीतून महाविद्यालयापर्यंत वाढू दिली आणि फिनी सरांनाच त्यांच्यामागोमाग वरच्या इयत्तांमध्ये नेले. शेजारी तेच, वर्गशिक्षक तेच, पुढे मुख्याध्यापक तेच आणि महाविद्यालयातही तेच. तर्काला हे अजिबात पटत नाही आणि तरीही शेवटच्या भागात रिकाम्या वर्गात ते एकटे उभे राहतात तेव्हा मला तर्काची आठवणही होत नाही. जे मुलांसमोर बोलायचे टाळले, ते मुले निघून गेल्यावर ते म्हणतात आणि मग वर्ग सुटल्याचे जाहीर करतात. तिथे कोणी हसत नाही.

शाळेच्या वयावरची मला सर्वांत जवळची वाटणारी मालिका मात्र ‘द वंडर इयर्स’ आहे आणि तिच्यात हशा नाहीच. १९८८ साली सुरू झालेल्या या मालिकेची कथा वीस वर्षे आधीच्या काळात घडते आणि मोठा झालेला केविन स्वतःच्याच फजितीचे निवेदन करतो. इतर मालिकांमध्ये बाकांवरचे प्रेक्षक जे काम करतात, ते इथे वाढलेले वय करते. केविन मुलीसमोर काहीतरी मूर्खपणाचे बोलतो आणि निवेदक क्षणभर थांबतो. आपण त्या थांबण्याला हसतो. आपल्या मुलीच्या सिद्धांताला आधार हवाच असेल तर तो इथे मिळेल.

निवांत

सर्वांचे मनापासून आभार. तबल्याचे उदाहरण मी मुलीला जसेच्या तसे ऐकवले. तिने थोडा विचार करून उत्तर दिले की तबला काढल्यावरही गाणे बेसूर होत नाही, फक्त मोकळे वाटते. तेव्हा वाद अजून मिटलेला नाही. खडूफळा यांचा वर्गातील दोन हशांचा मुद्दा मात्र तिने तत्काळ मान्य केला, कारण तिच्या वर्गातला तो मागच्या बाकावरचा मुलगा तिला रोज भेटतो.

तिला स्वतःच्या कानांनी तुलना करता येईल असे काही आहे का? एकच प्रसंग, एकदा हशासह आणि एकदा हशाविना, पण आत नटाने थांबून ठेवलेली जागा नाही, असे?

तिसरी रांग

आहे. ‘मॅश’ पाहावी. कोरियातील युद्धात अमेरिकी लष्कराच्या फिरत्या शस्त्रक्रिया रुग्णालयात घडणारी ही मालिका १९७२ ते १९८३ या काळात चालली. निर्मात्यांना हशा नकोच होता आणि वाहिनीला तो हवाच होता. शेवटी तडजोड अशी झाली की शस्त्रक्रियेच्या खोलीत हशा भरायचा नाही. त्यामुळे एकाच भागात तंबूत हशा आहे आणि डॉक्टर आत गेले की नाही, असा अनुभव येतो. ती एका कॅमेऱ्याने, प्रेक्षकांविना चित्रित झाल्यामुळे कोणी कोणासाठी थांबलेले नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने ती हशा वगळूनच दाखवली आणि डीव्हीडीच्या संचातही हशाविना ऐकण्याची सोय दिलेली आहे.

एक भाग आधी हशाविना लावा आणि मुलीला जिथे हसू येईल तिथे वहीत वेळ टिपून ठेवायला सांगा. मग तोच भाग हशासह लावा. चौथ्या हंगामातला ‘द इंटरव्ह्यू’ हा कृष्णधवल भाग मात्र या प्रयोगासाठी घेऊ नका. त्यात मुळातच हशा नाही.