रविवारी शेवग्याची फांदी तोडू नका (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-३०४ वहिनी: सेक्रेटरीसाहेब, मीटररूममागच्या शेवग्याची वाळकी फांदी रविवारी तोडणार असं वॉचमनकडून कळलं. कृपया थांबवा. त्या फांदीत तांबटाचं घरटं आहे, आत पिल्लं आहेत.

ए-१०२ अण्णा: वहिनी, मागच्या पावसात त्याच झाडाची फांदी माझ्या गाडीवर पडली. आरसा, सीट, सगळा खर्च मी केला. तेव्हा ग्रुपवर कुणी हूं की चूं केलं नाही.

सी-२०१: परत पडली तर जबाबदारी कुणाची?

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. मीटिंगमध्ये ठराव झालेला आहे. आता ऐनवेळी विरोध नको ही नम्र विनंती 🙏

बी-३०४ वहिनी: ठरावाला आमचे हे होते, मान्य. पण तेव्हा फांदीला भोक नव्हतं. शिवरात्रीनंतर नर-मादी दोघं आलटूनपालटून कोरत होते. फांदीच्या खालच्या अंगाला, रुपयाहून थोडं मोठं. भुसा खालच्या गाड्यांच्या सीटवर पडायचा, तो मुलं रोज पुसत होती. पाडव्यापासून चोचीत उंबर घेऊन ये-जा चालू आहे. मऊ, वाळकं लाकूडच त्यांना कोरता येतं, म्हणून नेमकी हीच फांदी.

डी-४०३ ताई: पक्षी बघा, काही म्हणणं नाही. पण मुलांची दुर्बीण आमच्या किचनच्या खिडकीकडे असते. सासूबाई ओट्याशी असतात, त्यांना अवघडल्यासारखं होतं. दोनदा सांगून झालं.

बी-३०४ वहिनी: चुकलंच ताई. आजपासून जिन्याच्या खिडकीतून बघतील. संध्याकाळी येऊन काकूंशी बोलते.

ए-४०१: पहाटे चारला ओरडून उठवतो तो हाच का? मग तोडाच 😀

डी-१०१ आबा: तो कोकीळ. तांबट उजाडल्याशिवाय तोंड उघडत नाही. खरं तर टुक टुक करताना चोच उघडतच नाही, गळा फुगतो फक्त. भर दुपारी कुणी तांब्याच्या हंड्यावर ठोके घालतंय असं वाटतं ना, तो. उगाच नाही नाव तांबट.

बी-१०१: पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर गच्चीवर दाणे टाकणं आधी बंद करा. कबुतरांनी आमच्या गॅलरीची वाट लावली आहे.

बी-३०४ वहिनी: दाणे आम्ही टाकत नाही, फक्त पाणी ठेवतो. दाणे बंद करायला माझाही पाठिंबा. तांबट दाण्याला येत नाही, त्याला वड-उंबराची फळं लागतात.

सी-२०१: फांदी पडली तर जबाबदारी कुणाची?

ए-३०२: शेंगा न्यायला सगळ्या विंगा. नुकसान सोसायला ए विंग. गेल्या आठवड्यात दोन पिशव्या कुणी भरल्या ते वॉचमनला माहीत आहे.

सी-१०४: 🚫 हा मेसेज डिलीट केला आहे

ए-३०२: वाचला मी.

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला.

डी-१०१ आबा: विषयावरच बोलतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंड्यांना, घरट्याला धक्का लावणं शिकारीत धरलंय. ठराव करून शिकार करायची का?

सेक्रेटरी: आबा, शिकार कोण करतंय? लोकांच्या डोक्यावर फांदी पडू नये एवढंच.

बी-३०४ वहिनी: धाकटा लिहितोय, चालेल ना?

बी-३०४ वहिनी: काका, मी पाचवीत आहे. पाडव्यापासून आम्ही घरूनच १४ पक्षी बघितले. शिंजीर, दयाळ, भारद्वाज, साळुंकी, हळद्या. चार भिंती स्मारकाच्या वाटेवर काटेसावरीला भोरड्या होत्या, त्या आता मध्य आशियात परत जाणार. तांबट कुठे जात नाही, तो आपलाच आहे. काल एका पिल्लानं भोकातून डोकं काढलं. कपाळ अजून लाल झालेलं नाही, नुसतं हिरवट. आईबाबा आले की ते पूर्ण तोंड उघडतं. प्लीज तोडू नका.

डी-४०३ ताई: अरे सोन्या ❤️

सी-२०१: पण जबाबदारी कुणाची?

बी-३०४ वहिनी: आमची. पिल्लं अक्षय्य तृतीयेच्या आसपास उडतील. तोवर आमची कार बाहेर रस्त्यावर लावू, शेवग्याखालच्या टू-व्हीलर आमच्या जागेत लावा. पिल्लं गेली की फांदी मी स्वतः उभी राहून काढून घेते. अण्णा, तुमच्या गाडीचं तेव्हा विचारायला हवं होतं. राहून गेलं, मनापासून सॉरी.

ए-१०२ अण्णा: गाडीचं जाऊ दे. पण वळवाचा पाऊस आला तर शेवगा ठिसूळ, कडकन मोडतो. वरच्या जाड फांदीला दोर घेऊन बांधू, भोकापासून लांब. माझ्याकडे बांबू आहे, खालून टेकू देता येईल.

सेक्रेटरी: ठीक. फांदी अक्षय्य तृतीयेनंतर. मीटिंगमध्ये नोंद करू. दाण्यांचा विषय तेव्हाच घेऊ.

बी-१०१: म्हणजे कबुतरं राहिलीच.

ए-१०२ अण्णा: दोर कुणाकडे आहे का? वीसेक फूट. आणि सकाळी नको, दुपारी बांधू. सकाळी ते सारखे खाऊ घेऊन येत असतात.