आमच्या शाखेतल्या ठेवी नेमक्या जातात कुठे?

काजूबोंड

जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. आमचं गाव राजापूर तालुक्यात. बाजारपेठेत एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा आहे. गणपतीत आणि मे महिन्यात चाकरमानी आले की तिथे एफडीसाठी रांग लागते. मला काजूप्रक्रियेसाठी आठ लाख हवे होते. साहेबांनी सातबारा पाहिला, "सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आणा" म्हणाले आणि कागद परत केले. सहहिस्सेदार बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत पसरलेत.

माझा प्रश्न कर्जाचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. पैसा आमच्या गावचा, बँक आमच्या गावात, मग कर्ज गावात का नाही? त्या ठेवींचं पुढे होतं काय?

मुंबैकर

मुंबईतल्या बिल्डरांना जातात, दुसरं काय! प्रतिसाद वाचतोय.

निवृत्त_शाखाधिकारी

बँकेतल्या नोकरीची बरीच वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गात काढली, म्हणून लिहितो.

गावच्या ठेवींची वेगळी तिजोरी नसते. ताळेबंद सगळ्या बँकेचा मिळून एकच. आजच्या दराने शंभर रुपयांच्या ठेवीतले 3 रिझर्व्ह बँकेकडे पडून राहतात, त्यावर छदाम व्याज नाही. किमान 18 मुख्यतः सरकारी रोख्यांत. उरलेल्याच्या जोरावर कर्ज, आणि एकूण कर्जाच्या 40 टक्के शेती, लघुउद्योग वगैरे प्राधान्य क्षेत्राला द्यायचं बंधन. पण हे 40 टक्के देशभराचे मिळून मोजतात. राजापुरात दिले नाहीत म्हणून मुख्य कार्यालयाचं काही अडत नाही.

आता आतली गोष्ट. शाखेने जमवलेल्या जादा ठेवी मुख्य कार्यालयाकडे वर्ग होतात आणि त्यावर शाखेला अंतर्गत दराने व्याज जमा होतं. म्हणजे एकही कर्ज न देता शाखा नफ्यात दिसू शकते. कर्ज दिलं आणि थकलं, तर मात्र साहेबाची चौकशी लागते. तीन वर्षांत बदली होणारा माणूस अशा वेळी काय करेल, तुम्हीच सांगा. मी वेगळा वागायचो असं सांगून भाव खाणार नाही.

मुंबैकरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. ठाण्यातल्या बिल्डरला कर्ज मंजूर झालं की बँक त्याच्या खात्यात रक्कम जमा दाखवते. ती तिथल्या तिथे तयार झालेली नवी ठेव असते. त्यातून सळईवाला, ठेकेदार, सुपरवायझर यांची बिलं नि पगार निघतात. तो सुपरवायझर तुमच्या वाडीतला असेल, तर त्यातलेच चार पैसे राजापूरच्या एफडीत येतात. कोकणची मनीऑर्डर म्हणतात ती पूर्वीपासून अशीच चालत आली आहे. कर्ज तिकडे उठतं, ठेव इकडे बसते. म्हणून आपल्याकडचा सीडी रेशो, म्हणजे ठेवींच्या तुलनेत कर्जाचं प्रमाण, कायम रडका.

सातबाऱ्याचं म्हणाल तर एका बागायतदाराचा उतारा अजून डोळ्यांसमोर आहे. बावीस नावं, त्यातली निम्मी मयत, वारसनोंदी नाहीत, सगळं सामाईक. कलमं भरघोस आणि माणूस सरळ, पण गहाणखत करणार कोणाच्या हिश्शाचं?

वाशीचा_वाटसरू

+१. आमच्या हापूसवाल्यांचा खरा बँकर वाशीतला दलाल. मोहोर यायच्या आधीच उचल देतो आणि एक कागद मागत नाही. मात्र पेटी त्यालाच घालायची, भाव तोच सांगणार. व्याज वेगळं दिसतच नाही, ते पट्टीतल्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबातल्या, कटतीत जिरलेलं असतं. बँकेचा दर बोर्डावर तरी लावलेला असतो.

ठेवीदार_आजी

सगळे कर्जदाराच्याच बाजूने बोलताय. माझ्या बहिणीचे पैसे एका सहकारी बँकेत अडकले होते. कर्जं कोणाला वाटली याचा पत्ता संचालकांना, आणि रांगेत उभी राहिली ती. तेव्हा ठेवविमा फक्त 1 लाखाचा होता, फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाला. साहेब सह्या मागतो ते मला तरी बरंच वाटतं.

निवृत्त_शाखाधिकारी

आजी, रास्त बोललात. पण सह्या सरसकट मागायच्या नसतात. काजूबोंड, तुमचं यंत्र आठ लाखांचं की यंत्र आणि बी मिळून? सूक्ष्म-लघु उद्योगाच्या एवढ्या छोट्या कर्जाला तारण मागू नका, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलेलं आहे. जोखमीसाठी सीजीटीएमएसईची, म्हणजे लघुउद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या सरकारी न्यासाची, हमी असते. त्यात सातबारा कशाला आला?

काजूबोंड

बॉयलर, कटिंग मशीन आणि ड्रायर मिळून पाच. तीन लाख बी घ्यायला. बी मार्च ते मे एवढ्यातच मिळते, गर मात्र वर्षभर विकायचा.

निवृत्त_शाखाधिकारी

मग दोन्ही एकत्र मागू नका. पाच लाखांचं मुदत कर्ज, आणि बीसाठी वेगळं कॅश क्रेडिट. मेअखेर गोदाम भरलेलं असेल तेव्हा मर्यादा पूर्ण वापरा, गर विकत जाल तशी रक्कम भरत जा, व्याज वापराल तेवढ्यावरच. सगळं मुदत कर्जात घेतलंत तर हप्ता जूनपासून सुरू आणि माल गोदामात, तिथेच पहिला हप्ता थकतो. पीएमएफएमई या केंद्राच्या अन्नप्रक्रिया योजनेत 2025-26 पर्यंत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान होतं, आता काय आहे त्याची कृषी कार्यालयात चौकशी करा.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि नाकारला तर कारणही लेखी मागा. तोंडी "नाही" कुठल्याच रजिस्टरला चढत नाही. लेखी असलं तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या बँकांचा मेळ घालणाऱ्या बँकेच्या, व्यवस्थापकाकडे नेता येतं. सीडी रेशो का पडला याचा जाब त्यांना जिल्हा समितीत द्यावाच लागतो.

काजूबोंड

धन्यवाद साहेब. सोमवारी अर्ज घेऊन जातो. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवलेलं चालेल का?

निवृत्त_शाखाधिकारी

चालेल. एक प्रत विभागीय कार्यालयालाही टाका.