आईबाबांसोबत झामोश्च (पोलंड): एका दिवसात होईल का?

शेवग्याची_शेंग
कामानिमित्त वॉर्सात आहे. जूनमध्ये आईबाबा येतायत. क्राकोव आणि विएलिच्काची मिठाची खाण नक्की झालीय. बाबांना (वय ७२, गुडघे कुरकुरतात) इतिहासाचं वेड, म्हणून झामोश्च डोक्यात आहे. ऑफिसातले लोक म्हणतात, एवढ्या कोपऱ्यात कशाला, काझिमिएश दोल्नीला जा. सकाळी निघून रात्री परत येता येईल का? आई मांस-मासे खात नाही, अंडं चालतं.

तटावरचा_भुत्या
जाऊन-येऊन करूच नका. वॉर्सापासून अडीचशे किलोमीटर आहे, बाबांचा दिवस बसमध्येच जाईल. लुब्लिनमार्गे जा आणि मुक्काम करा. काझिमिएश देखणं आहे, पण किल्ला काय, तीन क्रूसांची टेकडी काय, सगळा चढ. झामोश्च सपाट.

बाबांना आधी एवढं सांगून ठेवा: १५८० मध्ये यान झामोयस्की या पोलंडच्या चॅन्सेलरने (राजाचा बडा मंत्री) इटलीतल्या पादुआच्या बेर्नार्दो मोरांदो या वास्तुविशारदाला बोलावून हे अख्खं गाव कोऱ्या कागदावर आखून घेतलं. म्हणतात की आराखडा माणसाच्या देहावर बेतलाय: वाडा म्हणजे डोकं, ग्रोद्झका रस्ता पाठीचा कणा, बुरूज हातपाय. मधला चौक १०० मीटर बाय १०० मीटर. भोवती कमानींची ओवरी आहे, ऊन-पाऊस काही असो, बाबा रमतगमत फेरी मारतील. उत्तरेला आर्मेनियन व्यापाऱ्यांची रंगीत घरं आहेत, त्यातल्या एकावर देवदूत कोरलाय. टाउन हॉलचा पंख्यासारखा जिना खालूनच बघा, फोटोही तिथूनच चांगला येतो.

उन्हाळ्यात दुपारी १२ ला टाउन हॉलच्या मनोऱ्यावरून तुतारी वाजते. तीनच दिशांना! पश्चिमेला, म्हणजे क्राकोवकडे, नाही. झामोयस्कीचं क्राकोवशी बिनसलं होतं, अशी दंतकथा.

खसखस
आईसाठी: त्सेबुलाश शोधा, कांदा-खसखस लावलेला जाडसर पाव, गरमच खावा. पिएरोगी (करंजीचे मावसभाऊ) रुस्किए मागवा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज असतं. पण वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरवतात, म्हणून ऑर्डर देतानाच "बेझ स्क्वारेक" म्हणा. मी म्हटलं नव्हतं. ताट समोर आल्यावर सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तटावरचा_भुत्या
जुना लुब्लिन दरवाजाही दाखवा. १५८८ मध्ये बिचिनाच्या लढाईत झामोयस्कीने पोलंडच्या गादीवर हक्क सांगणारा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्यातला राजपुत्र माक्सिमिलियान पकडला. त्याला या दरवाज्यातून आत आणलं आणि मग दरवाजाच बुजवून टाकला!

मुक्काम_पोस्ट
रोटुंडा कुणी सांगितलंच नाही. किल्ल्याची तोफांची गोल गढी, नाझींनी तिचा तुरुंग केला. तिथे सुमारे ८,००० माणसं मारली. आसपासच्या खेड्यांतून १९४२-४३ मध्ये लाखावर लोक हुसकावले, त्यात ३०,००० मुलं. सिनेगॉगही (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बघा: सतराव्या शतकातली इमारत उभी आहे, प्रार्थनेला येणारे उरले नाहीत. समाजवादी क्रांतिकारक रोझा लुक्झेंबुर्ग याच गावात जन्मली, १८७१ मध्ये.

खसखस
रोटुंडा बघा जरूर, पण जेवणाआधी नको. आणि सोमवार टाळा, बहुतेक संग्रहालयं बंद असतात.

शेवग्याची_शेंग
सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली. दोन रात्रींचं बुकिंग केलं. बाबांना फोनवर तुतारीची गोष्ट सांगितली. जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "क्राकोवचा एक दिवस कमी कर."