मदत हवी आहे : ६२ तास होऊनही सीपीडी अपूर्ण दाखवतंय

रानजाई
डॉक्टर मंडळी, जरा तातडीने सांगा. सीपीडीचे, म्हणजे नोंदणी टिकवायला डॉक्टरांना लागणाऱ्या सततच्या शिक्षणाचे, वर्षाला ५० तास लागतात, माझे ६२ झालेत. वेबिनार, ऑनलाइन मॉड्यूल, एक कॉन्फरन्स. सगळ्यांची सर्टिफिकेटं जोडली आहेत. तरी डॅशबोर्डवर दोन रकाने लाल ते लालच. नोव्हेंबर संपत आला. नियमांची पानं वाचायला वेळ नाही, कोणी सरळ सांगेल का काय राहिलंय?

टेम्सकाठ
घाबरू नका. जीएमसी (यूकेची डॉक्टरांची नियामक संस्था) स्वतः तासांचा आकडा ठरवत नाही. ५० क्रेडिट ही जीपींच्या (फॅमिली डॉक्टरांच्या) वार्षिक अप्रेझलमधली रूढ अपेक्षा आहे, पाच वर्षांनी लायसन्स चालू ठेवायच्या रिव्हॅलिडेशनला २५०. लाल रकाने म्हणजे बहुधा पेशंट फीडबॅक आणि सहकाऱ्यांचा फीडबॅक. ते पाच वर्षांत एकदाच लागतात, पण उशिरा काढायला घेतले की फॉर्म गोळा होता होत नाहीत. आजच रिसेप्शनला सांगून ठेवा.

रानजाई
यूके कुठे म्हटलं मी? ऑस्ट्रेलिया!

खलबत्ता
देशाचं नाव पहिल्या पोस्टमध्येही नव्हतं हो. आता एवढं सांगा : फेलो आहात की ट्रेनी? सीपीडी होम, म्हणजे सीपीडीची नोंद जिथे ठेवता ती संस्था, कोणती? लाल रकान्यांची नावं काय? आणि ६२ मधले किती तास ऐकण्या-वाचण्याचे?

आठवडी_बाजार
आपल्याकडे बरं आहे. २००२ च्या आचारसंहितेत पाच वर्षांत ३० तास, संपला विषय. इथे कॉन्फरन्सला जा, हजेरी लावा, पॉइंट घ्या.

खलबत्ता
हजेरी लावून चहा-बिस्किटं खाऊन परत, हेही त्यात लिहा. पण धागा त्यावर नाही.

रानजाई
एफआरएसीजीपी, म्हणजे फेलो, ट्रेनी नाही. होम आरएसीजीपी, म्हणजे इथल्या जीपींचं कॉलेज. लाल रकाने : रिव्ह्यूइंग परफॉर्मन्स (स्वतःच्या कामाचा आढावा) आणि मेझरिंग आउटकम्स (कामाच्या परिणामांचं मोजमाप). ६२ तासांतले सगळेच ऐकण्या-वाचण्याचे. आणि मी आठवड्याला दोनच दिवस काम करते, मला कमी तास लागायला हवेत ना?

खलबत्ता
नाही. पार्टटाइमला सूट नाही, दोन दिवस काम केलं तरी पूर्ण ५०. सूट मिळते ती आजारपण, बाळंतपण वगैरे कारणांनी किमान सहा महिने प्रॅक्टिसपासून दूर असाल तर, आणि तीही अर्ज करून.

आता हिशोब. १ जानेवारी २०२३ पासून मेडिकल बोर्डाचे ५० तास तीन खणांत वाटलेले आहेत. शैक्षणिक किमान १२.५. परफॉर्मन्स आणि आउटकम मिळून किमान २५, त्यातही प्रत्येकी किमान ५. उरलेले १२.५ कुठलेही चालतात. तुमच्या ६२ मधले फार तर २५ कामाला येतात, वरचे ३७ ज्ञानासाठी. म्हणजे अजून २५ तास हवेत, आणि एकही वेबिनार त्यात भर घालणार नाही. वर्ष कॅलेंडरचं असतं, त्यामुळे काम ३१ डिसेंबरच्या आत झालेलं हवं.

पाणवठा
एवढं काही नाही. प्रत्येक वेबिनारखाली "यातून काय शिकलो" चार ओळी लिहा आणि अर्धे तास परफॉर्मन्समध्ये सरकवा. सगळे तेच करतात.

खलबत्ता
हे करू नका, रानजाई. एका अ‍ॅक्टिव्हिटीचे तास दोन खणांत वाटता येतात, पण तेव्हाच, जेव्हा त्या अ‍ॅक्टिव्हिटीत खरोखर दोन प्रकारचं काम झालं असेल. तासभर स्क्रीनसमोर बसलात तो तास शैक्षणिकच. वेबिनारनंतर स्वतःच्या दहा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) पेशंटांच्या नोंदी काढून, इनहेलर टेक्निक तपासल्याची नोंद किती जणांत आहे हे पाहिलंत, तर त्याला लागलेला *जास्तीचा* वेळ वेगळा धरायचा. तोच तास दोनदा मोजला आणि सीपीडी नोंदींच्या ऑडिटमध्ये (तपासणीत) नाव निघालं, तर नोट्स मागतात. पुरावे सीपीडीचं वर्ष संपल्यावर पुढे तीन वर्षं ठेवायचे असतात, तेवढ्यात कधीही विचारू शकतात.

पाणवठा
ऑडिट होतं किती जणांचं!

खलबत्ता
नोंदणी रिन्यू करताना सीपीडी पूर्ण केल्याचं तुम्हीच जाहीर करता. खोटं जाहीर करणं हा प्रश्न तासांपेक्षा मोठा आहे. असो.

गुलबक्षी
रानजाई, प्रॅक्टिसमध्ये क्लिनिकल मीटिंग होते का? जिथे केसेस चर्चेला येतात?

रानजाई
होते की, महिन्यातून एकदा, तासभर. ते तर कामच झालं, त्याचं सर्टिफिकेट कुठे मिळतं?

गुलबक्षी
सापडले तुमचे तास! सर्टिफिकेट लागत नाही, स्वतः लॉग करता येतं. तारीख, किती वेळ, कोणत्या प्रकारच्या केसेस (नाव-जन्मतारीख अजिबात नको) आणि चर्चेनंतर तुमच्या कामात काय बदललं, एवढं लिहा. प्रॅक्टिस मॅनेजरकडे हजेरीपत्रक किंवा अजेंडा असेल तर जोडा. तुम्ही हजर होतात तेवढ्याच मीटिंगा धरा. आणि ज्या मीटिंगमध्ये फक्त रोस्टर आणि बिलिंगवर भांडणं झाली ती सोडा. :)

यातून आठ-नऊ तास परफॉर्मन्सचे निघावेत. शिवाय यंदा एखादा रिपोर्ट पाहायचा राहिला, चुकीचं औषध जाता जाता थांबलं असं काही घडलं असेल तर त्याचं टीमसोबत मूळ कारण शोधा : काय झालं, कुठली पायरी निसटली, आता काय बदललं. दीड-दोन तास, आउटकममध्ये.

मेपलवाडी
अमेरिकेत फॅमिली मेडिसिन बोर्डाचं मॉडेल जास्त प्रामाणिक वाटतं. दर तिमाहीला २५ प्रश्न, एकूण ३०० होईपर्यंत, प्रत्येकाला ५ मिनिटं, संदर्भ उघडून. काय येत नाही ते तिथल्या तिथे कळतं.

आठवडी_बाजार
परीक्षेने डॉक्टर कळतो का? पेशंटशी कसं बोलतो ते कुठल्या पर्यायावर टिक करणार?

मेपलवाडी
हजेरीने कळतो वाटतं?

खलबत्ता
दोघांनी वेगळा धागा काढावा.

रानजाई, बाकीचे तास एका नीट ऑडिटमध्ये, म्हणजे स्वतःच्या पेशंटांच्या नोंदी मोजून तपासण्यात, बसतील. डायबेटिस घ्या, डेटा हाताशी असतो. तुम्ही 'नेहमीचे डॉक्टर' म्हणून नोंदलेले टाइप २ चे सक्रिय पेशंट काढा. सक्रिय म्हणजे दोन वर्षांत तीन वेळा येऊन गेलेले. तीसेक पुरेत. चार रकाने : गेल्या १२ महिन्यांत एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन (किडनीसाठी), पायांची तपासणी, आणि गेल्या सहा महिन्यांत बीपी. आधी तुमचं अपेक्षित प्रमाण लिहून ठेवा, मग मोजा. उलट क्रमाने केलं की आपोआप सगळं 'अपेक्षेप्रमाणे' येतं.

रानजाई
सॉफ्टवेअरमध्ये सर्च मारून पाहिला. ४१ पेशंट, त्यातल्या १९ जणांचंच एचबीए१सी दिसतंय. एवढं वाईट नक्की नाही माझं काम.

खलबत्ता
नसेलच. हॉस्पिटलमधून किंवा एंडोक्राइनकडून (हार्मोनतज्ज्ञाकडून) आलेलं एचबीए१सी पत्रात किंवा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असतं, त्यातला आकडा सर्चला दिसत नाही. बीपीचंही तसंच. 'आज १३८/८२' असं प्रोग्रेस नोट्समध्ये टंकलं तर ते मोजमापाच्या रकान्यात जात नाही. उरलेल्या २२ फायली हाताने उघडा, कॉरस्पॉन्डन्स तपासा, सापडलेला आकडा तारखेसकट योग्य रकान्यात भरा. तीन-चार तास जातात, आणि तेही ऑडिटचेच.

दुसरी गोम छेदाची, म्हणजे एकूण पेशंटांच्या आकड्याची. ज्यांचं निदान कोड न करता 'टी२डीएम' असं नुसतं लिहिलंय ते तुमच्या ४१ मध्ये आलेलेच नाहीत. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) चालू आहे पण डायबेटिसचं निदान नाही, असा दुसरा सर्च मारा. काही जणी पीसीओएसच्या (बीजाशयाचा विकार, त्यातही ही गोळी देतात) असतील, त्या वगळा, बाकीचे कोड करा.

पाणवठा
प्रॅक्टिस पीआयपी क्यूआयला (सरकारच्या गुणवत्ता-सुधारणा योजनेला) डेटा पाठवतेच, तेच लॉग करा ना. कशाला एवढी मजुरी?

गुलबक्षी
प्रॅक्टिसने डेटा पाठवणं ही डॉक्टरची अ‍ॅक्टिव्हिटी नाही. त्या रिपोर्टमधले स्वतःचे आकडे काढून त्यावर काही केलं, तर तो वेळ धरता येतो. नर्सने फायली काढल्या तर तिचे तास तिचे, तुमचे नाहीत.

खलबत्ता
सहमत. मोजल्यावर बदल एकच करा. उदा. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन राहिलेल्यांना रिकॉल पाठवा, आणि एचबीए१सीच्या रिक्वेस्टसोबतच ती टेस्ट जाईल असा टेम्प्लेट लावा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा मोजा. रिकॉल आजच गेले नाहीत तर सुट्ट्यांत कोणी येणार नाही आणि दुसरा आकडा पहिल्यासारखाच निघेल. तसं झालं तरी लिहा, ते ऑडिट वाया जात नाही. जानेवारीतलं मोजमाप मात्र पुढच्या वर्षात जाईल.

रानजाई
म्हणजे मीटिंगांचे ९, ऑडिटचे साधारण १०, त्या राहून गेलेल्या रिपोर्टच्या घटनेचे २. चार कमी पडतायत.

गुलबक्षी
शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांशी अदलाबदल करा. त्यांनी तुमच्या दहा कन्सल्टेशनच्या नोंदी वाचायच्या, तुम्ही त्यांच्या : दुसरा डॉक्टर या नोंदीवरून पुढचा उपचार करू शकेल का, परत केव्हा यायचं ते लिहिलंय का. मग समोरासमोर चर्चा. दोन बैठकांत चार तास, परफॉर्मन्समध्ये. पेशंट प्रॅक्टिसचेच असल्याने फायली बाहेर जात नाहीत.

आणि पीडीपी (वर्षाचा शिकण्याचा आराखडा) लिहिलाय ना? तासांपेक्षा वेगळी अट आहे ती.

रानजाई
जानेवारीत लिहिला होता. सीपीआरचं लाल नाही, पण शेवटचं कधी केलं आठवत नाही.

खलबत्ता
आरएसीजीपीत ते त्रैवार्षिक चक्रात एकदा लागतं, म्हणून दरवर्षी लाल दिसत नाही. चालू चक्रातलं सर्टिफिकेट सापडत नसेल तर हाताने मॅनिकिनवर करायचा कोर्स शोधा, नुसता ऑनलाइन चालत नाही. डिसेंबरात जागा पटकन भरतात, तेवढं आज बुक करा. ऑडिट उद्या सुरू केलंत तरी चालेल.