सायकल प्रवासातील मुक्काम: हॉटेलखेरीज कोणते निवारे मिळू शकतात?

प्रश्न (वाटसरू):
पुढील वर्षी तीन आठवड्यांचा सायकल प्रवास एकट्याने करण्याचा विचार आहे. मागील खेपेस प्रत्येक मुक्काम आधीच आरक्षित केल्यामुळे आवडलेल्या ठिकाणी थांबता आले नाही, आणि एकदा तर केवळ पैसे भरलेले आहेत म्हणून समोरच्या वाऱ्याशी झगडत शेवटचे पंचवीस किलोमीटर अंधारात कापावे लागले. या वेळी तंबू बरोबर असेल, मात्र काही रात्री तरी निराळ्या निवाऱ्यात काढाव्यात असे वाटते. असे निवारे कसे शोधावेत आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे?

प्रतिसाद (चक्रधर):
सर्वप्रथम 'वॉर्मशॉवर्स' पाहावे. १९९३ मध्ये सुरू झालेले हे जाळे खास सायकल प्रवाशांसाठी आहे; यजमान मुक्कामाचे पैसे घेत नाही, पाहुण्याने पुढे कधीतरी दुसऱ्या प्रवाशाला आपल्या घरी ठेवून घ्यावे एवढीच अपेक्षा असते. यजमान बहुधा स्वतः सायकलवर हिंडलेला असल्यामुळे चिखलाने माखलेली सायकल दारात पाहून त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. मी अशा घरांच्या माळ्यावर झोपलो आहे, तसाच अंगणातल्या जुन्या कॅरॅव्हॅनमध्येही. विनंती दोन-तीन दिवस आधी पाठवावी आणि बेत बदलल्यास ताबडतोब कळवावे. न कळवता दांडी मारणाऱ्यांमुळेच चांगले यजमान दार बंद करतात. दक्षिण अमेरिकेत जाणार असाल, तर 'कासा दे सिक्लिस्तास' या नावाने सायकलस्वारांसाठी खुल्या ठेवलेल्या घरांची चौकशी करावी. पेरूमधील त्रुहियो येथील असे घर १९८५ पासून प्रवाशांना थारा देत आले आहे.

प्रतिसाद (रानवाट):
मला माणसांपेक्षा एकांत प्रिय, म्हणून माझी पसंती मुख्यतः स्कॉटलंडमध्ये आढळणाऱ्या बॉथींना. डोंगराळ भागातील या जुन्या दगडी झोपड्यांपैकी सुमारे शंभर झोपड्यांची देखभाल १९६५ मध्ये स्थापन झालेली 'माउंटन बॉथीज असोसिएशन' करते. आरक्षण नाही, भाडे नाही. त्याचबरोबर वीज, नळ आणि बहुतेक ठिकाणी शौचालयही नाही. पोहोचल्यावर झोपडी भरलेली आढळू शकते, म्हणून तंबू घरी ठेवून तेथे जाऊ नये. नॉर्वेत १९५७ च्या कायद्यानुसार लागवड नसलेल्या मोकळ्या जागेत, वस्ती असलेल्या घरापासून किमान १५० मीटर अंतरावर, विनापरवानगी तंबू ठोकता येतो. ही मुभा सर्वत्र असते असे समजू नये; शेजारच्या डेन्मार्कमध्येच ती नाही, पण तेथे तीन भिंतींचे लाकडी निवारे मुबलक आहेत.

प्रश्नकर्ता (वाटसरू):
आभारी आहे. बॉथीपर्यंत सामान लादलेली सायकल नेता येते का?

प्रतिसाद (रानवाट):
काहींपर्यंत खडीचा रस्ता जातो, तर काहींच्या वाटेवर सायकल उचलून दलदल तुडवावी लागते. नकाशावर शेवटचे पाच किलोमीटर नीट पाहून मगच निवड करावी.

प्रतिसाद (मुक्कामपोस्ट):
न ठरवता मिळालेले निवारेच मला अधिक आवडतात. अमेरिकेत १९७६ पासून चालत आलेल्या ट्रान्सअमेरिका सायकलमार्गावर चर्च, गावातील उद्याने आणि काही अग्निशमन केंद्रेही सायकलस्वारांना रात्रीपुरती जागा देतात. विचारणा मात्र सूर्यास्ताच्या दोन तास आधी करावी. अंधारात दार ठोठावणाऱ्या अनोळखी माणसाला नकार देणे कोणालाही सोपे जाते, आणि उजेड शिल्लक असेल तर आपल्यालाही पुढचे गाव गाठता येते.