भाऊ जेलमधे शिपाई आहे, तिथल्याच कैदी बाईत गुंतलाय, मदत हवी आहे

नमस्कार, नातेवाईक इथे वाचतात म्हणून नवीन आयडीने लिहून राहिली. आम्ही नागपूरचे, मानेवाड्याला राहतो. लहान भाऊ जेल शिपाई आहे, कुठल्या जेलला ते नाही लिहीत. बाबा गेल्यावर पहाटे ग्राउंड मारून मारून लागला तो.

तान्ह्या पोळ्याला घरी आला, पँट धुवायला घेतली तर खिशात दोन चिठ्ठ्या. विचारलं तर लपवलं नाही, म्हणे ताई ती सुटली की लग्न करणार. ती कच्ची कैदी, भिशीच्या पैशाची केस, 14 महिने आत आहे, जामीन द्यायला कोणी नाही, नवरा फिरकत नाही, मुलगी आजीकडे. ह्याची व्हीसी रूमला (जिथून कैद्यांना व्हिडिओवर कोर्टापुढे हजर करतात) ड्युटी, कोर्टाची लाइन लागेपर्यंत बसावं लागते, महिला शिपाई सोबत असते तरी बोलणं झालंच. हातही लावला नाही म्हणतो, माझा विश्वास आहे. पण तिच्या मुलीची शाळेची फी ह्याने भरली.

ओळखीच्या वकील मॅडमला नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या न्याय संहितेचं कलम 68 आहे, जेलमधल्या अधिकाराचा फायदा घेऊन बाईला संबंधाला तयार केलं तर तिची मर्जी धरतच नाहीत, 5 ते 10 वर्षं, आणि कैद्यांवर ताबा असलेला शिपाईही त्यात येतो. कैद्याशी पैशाचा व्यवहार तर तुरुंग कायद्यातच बंद आहे, म्हणजे फी भरली तिथेच चुकला.

नोकरीची भीती आहेच, पण मला झोप येत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. दोन्ही चिठ्ठ्यांत ती त्याला साहेब म्हणते. साहेब फी भरली का. साहेब रागावू नका, परवा बाई बघत होत्या म्हणून मान वर केली नाही. जिच्या दाराची किल्ली ह्याच्या लोकांकडे आहे तिला नाही म्हणता येईल का हो? तिच्या जागी मी असती तर मी पण रागावू नका असंच लिहिलं असतं. हे बोलली तर चिडला, जेवला नाही, मग रात्री येऊन म्हणाला ताई मी तिला कधी विचारलंच नाही गं.

आता बदली मागायला तयार झालाय. जेल खात्यातलं कोणी असेल तर सांगा, अर्जात खरं कारण लिहावं का, आणि लिहिलं तर चौकशीत तिची मुलाखत (घरच्यांची भेट) वगैरे बंद करतील का? ती आमच्यामुळे भोगायला नको.

दुसरं, तिच्या जामिनाचं. विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 नंबर आहे, कैद्याला वकील फुकट मिळतो. पहिलीच केस असली तर शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर बॉण्डवर सोडतात म्हणे, पण 7 वर्षांच्या कलमाला ते 28 महिने होतात, तोवर साधा जामीन कसा करायचा? मी फोन केला तर ती बाई कोण लागते विचारतील, काय सांगू? फी पण पुढे मीच भरीन, पण ती आमच्या उपकारात नको राहायला.

बाई वाईट आहे, पोराला फसवलं असं कृपया लिहू नका. रविवारी तो परत ड्युटीवर जातो, त्याआधी कोणीतरी सांगा.